मक्याच्या रानातलं विद्यापीठ

आमच्या दादाचा फोन रविवारी सकाळी येतो. पाऊसपाणी, उसाची तोड, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, असा आठवड्याचा सगळा हिशेब होतो आणि फोन संपतो. २०२५च्या मार्चमध्ये मात्र तो मंगळवारी रात्रीच आला. "पोरीला अमेरिकेत प्रवेश मिळाला. मॅनहॅटनला! पगारासकट!" दादाला आनंद आवरत नव्हता. गावात पेढे वाटून झाले होते. वहिनींनी मारुतीला नारळसुद्धा फोडला होता.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. या वेळी आवाज खाली आलेला. "अगं, ते मॅनहॅटन न्यूयॉर्कमधलं नव्हे म्हणे. कॅन्सस नावाचं राज्य आहे, त्यातलं एक गाव. वस्ती पन्नास-पंचावन्न हजार. म्हणजे आपल्या तासगावापेक्षा थोडं मोठं. आणि शिकायचं काय, तर धान्य दळायचं शास्त्र! गिरणीतच जायचं होतं तर इथं काय वाईट होतं?"

मी हसले. हसू ओसरल्यावर मात्र आठवलं, की हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदा विचारला जात नव्हता. एकतीस वर्षांपूर्वी, त्याच ओट्यावर बसून, आबांनी तो मला विचारला होता.

पुतणीपुढे दोन पर्याय होते. एक हे कॅन्ससचं. तिथे विद्यापीठाचं काम करून फी माफ आणि महिन्याला पोटापुरते पैसे. दुसरं न्यूयॉर्कजवळचं एक मोठं विद्यापीठ. नाव झकपक, पण मदत शून्य. म्हणजे पन्नास लाखांच्या वर कर्ज आणि तारण म्हणून शेत. पोरीचं मन तिकडे धावत होतं. फोनवर मला म्हणाली, "आत्या, शनिवार-रविवार एखाद्या हॉटेलात काम केलं की हप्ता निघतो. रोख पैसे देतात. सगळेच करतात."

ते वाक्य ऐकलं आणि मी शनिवारची गाडी पकडून गावी गेले. फोनवर सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

*

मी गेले ती १९९४च्या ऑगस्टमध्ये. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेतली होती आणि माती या विषयाचं वेड लागलं होतं. त्याला कारण घरचंच होतं. कृष्णाकाठची आमची दोन एकर जमीन हळूहळू क्षारपड होत चालली होती. उसाला पाणी पाजून पाजून खालचं पाणी वर आलं, त्याबरोबर क्षार वर आले, आणि उन्हाळ्यात त्या तुकड्यावर पांढरी पापडी धरू लागली. ज्या जमिनीनं आजोबांच्या काळात पोतं पोतं गहू दिला, तिच्यात गवतसुद्धा धड येईना. आबा बांधावर उभे राहून नुसते बघत असत.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एम्स गावच्या विद्यापीठानं मला मृदाशास्त्रासाठी प्रवेश आणि आठवड्याला वीस तासांचं संशोधन साहाय्यकाचं काम दिलं. एम्स हे नाव मला ठाऊक होतं ते एकाच पुस्तकामुळे. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ साली आलं आणि माझ्या पिढीच्या कितीतरी घरांत ते पारायण केल्यासारखं वाचलं गेलं. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९१ साली शिकायला गेले ते याच एम्सला. आबांना मी एवढंच सांगितलं, की कार्व्हरच्या कॉलेजात चालले आहे.

"तिथं पिकतं काय?" आबांनी विचारलं.

"मका आणि सोयाबीन."

"मक्याच्या रानात शिकायला एवढ्या लांब?"

उत्तर माझ्याजवळ नव्हतं. तेव्हा डॉलर एकतीस रुपयांच्या आसपास होता. तिकिटासाठी आईच्या पाटल्या गेल्या होत्या.

डे मॉइन या राजधानीच्या विमानतळावर उतरले आणि एका सीनियर विद्यार्थ्याच्या गाडीतून उत्तरेला निघाले. साधारण पन्नास किलोमीटरचा रस्ता. दोन्ही बाजूंना मका. डोक्याच्या वर गेलेला, गर्द हिरवा, आणि संपतच नाही असा! मधूनच धान्य साठवायचे उंच पत्र्याचे मनोरे. अमेरिका म्हणजे उंच इमारती आणि झगमगाट, असं चित्र मनात घेऊन गेलेली मी खिडकीतून बघत होते आणि मनात म्हणत होते, आबा, तुमचंच खरं.

त्या गावाची गंमत अशी, की तिथे आधी कॉलेज आलं आणि मग गाव. आयोवाच्या विधिमंडळानं शेतकी कॉलेज काढायचं ठरवलं १८५८ साली आणि माळावर एक शेत विकत घेतलं. रेल्वेच्या निमित्तानं एम्स गाव वसलं ते १८६४ साली. मधल्या काळात, १८६२ मध्ये, अब्राहम लिंकननं मॉरिल कायद्यावर सही केली. केंद्र सरकारनं राज्यांना जमिनी द्यायच्या, त्या विकून राज्यांनी कॉलेजं काढायची आणि तिथे शेती नि यंत्रविद्या शिकवायची, शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या मुलांना शिकता यावं म्हणून, असा तो कायदा. त्याच्या अटी सगळ्यांत आधी मान्य करणारं राज्य आयोवा. पुतणीचं कॅन्ससमधलं विद्यापीठही त्याच कायद्याचं अपत्य. १८६३ साली सुरू झालेलं. अमेरिकेतली इतकी नावाजलेली विद्यापीठं अशा आडगावांत का, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. ती आडगावात पडलेली नाहीत. जिथे नांगर होता तिथे ती मुद्दाम नेलेली आहेत.

पण हे शहाणपण नंतरचं. पहिल्या महिन्यात मला दिसला तो फक्त शुकशुकाट. रविवारी लिंकन वे या मोठ्या रस्त्यावरून चालत जावं तर चालणारी मी एकटीच. भाजीच्या दुकानात कोथिंबीर मिळाली तरी सण वाटायचा. रस्त्यात अनोळखी माणसं हसून हवापाण्याचं बोलत. बसचा ड्रायव्हर दुसऱ्याच आठवड्यात मला ओळखू लागला. पुण्यात चार वर्षं काढली होती, तिथे पीएमटीच्या कंडक्टरनं माझ्याकडे मान वर करून पाहिलं असेल तर शपथ!

विद्यार्थ्यांच्या मेमोरियल युनियन या इमारतीत दाराशीच फरशीवर बारा राशी कोरलेल्या आहेत. त्यांच्यावर पाय पडला तर पुढच्या परीक्षेत नापास, अशी तिथल्या पोरांची पक्की समजूत. पाय पडलाच तर उतारा म्हणून बाहेरच्या कारंज्यात नाणं टाकायचं. इमारत बांधणाऱ्याची कल्पना अशी होती, की पायांनी झिजून झिजून त्या राशी फरशीबरोबर सपाट व्हाव्यात. पण पोरं वळसा घालून जातात आणि राशी तशाच उभ्या! हे मी आबांना पत्रात लिहिलं, तेव्हा त्यांचं उत्तर आलं, "म्हणजे माणसं आपल्यासारखीच आहेत."

पत्रच. फोन मिनिटाला दीड-दोन डॉलर. विद्यापीठात ई-मेल होती, पण ती पाठवायची कुणाला? भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १९९५च्या ऑगस्टमध्ये, आणि आमच्या गावी ते पोहोचायला पुढे कितीतरी वर्षं गेली. आबांचं पत्र यायला दोन आठवडे लागत. १९९३च्या महापुरात एम्समधल्या हिल्टन कोलिझियम या भल्यामोठ्या क्रीडागृहात पाणी शिरलं होतं, हे मी कळवलं. आबांनी पुढच्या पत्रात पुराचं पाणी किती दिवस राहिलं, गाळ कसला होता, हे सगळं विचारलं. कृष्णाकाठच्या माणसाला पूर समजावून सांगावा लागत नाही.

*

मग थंडी आली. उणे वीस-पंचवीस हे आकडे पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्यातून सकाळी आठच्या तासाला चालत जाणं वेगळं. श्वास घेतला की नाकातले केस ताठ होतात, ओले केस बाहेर पडताच काडीसारखे कडक होतात. कोट माझ्याकडे नव्हता. गावातल्या काही वयस्क बायका परदेशी विद्यार्थ्यांसाठी वापरलेले कोट, भांडी, चादरी गोळा करून देत. त्यातला एक तपकिरी कोट माझ्या वाट्याला आला. खिशात आधीच्या मालकिणीची खरेदीची यादी होती: दूध, अंडी, लोकर.

सगळं गोड होतं असं मात्र कुणी समजू नये. एकदा संध्याकाळी चालत घरी येताना एका गाडीतून पोरं ओरडली, "आपल्या देशात चालती हो!" गाडी निघून गेली. मी रात्रभर जागी. कार्व्हर या कॉलेजातला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. सुरुवातीला त्यांना इतर विद्यार्थ्यांबरोबर जेवू दिलं नाही, तळघरात शेतमजुरांबरोबर बसावं लागलं. आणि त्याच गावानं त्यांना १८९४ साली पदवी दिली, १८९६ साली पदव्युत्तर पदवी दिली, शिकवण्याची संधी दिली. आज त्यांच्या नावाची इमारत तिथे उभी आहे. लहान गाव दोन्ही करू शकतं. तिथे तुम्ही गर्दीत लपत नाही, त्यामुळे जे मिळतं ते, बरं असो की वाईट, थेट तोंडावर मिळतं.

पहिलं सत्र संपलं आणि मी आपटले. संख्याशास्त्रात 'सी'. संख्याशास्त्रात नाव असलेलं ते गाव! तिथली संख्याशास्त्र प्रयोगशाळा १९३३ साली सुरू झाली, देशातली पहिली. मी पुण्यात पानसे आणि सुखात्मे यांचं पुस्तक जवळजवळ पाठ केलं होतं. पण इथे परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा, आणि प्रश्न असा की पुस्तकात उत्तरच नाही. आकडेमोड येत होती, पण ती कशासाठी करायची, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. चूक सर्वस्वी माझी. गुणांची सरासरी ठरलेल्या रेषेखाली गेली, आणि ती वर आणली नाही तर साहाय्यकाचं काम जाणार होतं.

नेमकं त्याच सुमारास आबांचं पत्र आलं. विहिरीच्या कर्जाचा हप्ता थकला होता. त्यांनी पैसे मागितले नव्हते, नुसतं कळवलं होतं. न मागितलेले पैसे जास्त बोचतात.

तासाभराच्या अंतरावर एक मोठं शहर होतं. तिथल्या एका हॉटेलात शनिवार-रविवारी भांडी घासायला आणि कांदे चिरायला माणूस हवं होतं. पैसे रोख, नोंद नाही. विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाला सत्र चालू असताना फक्त विद्यापीठाच्या आवारात, आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम करता येतं. बाहेर परवानगीशिवाय एक तासही नाही. हे मला पूर्ण ठाऊक होतं. तरी मी गेले. एक नव्हे, तीन शनिवार. तिसऱ्या शनिवारी मालकानं ठरल्यापेक्षा निम्मेच पैसे हातावर ठेवले आणि म्हणाला, "तक्रार कुणाकडे करणार?" खरंच, कुणाकडे करणार होते मी?

त्या सोमवारी विभागाच्या सेक्रेटरीबाईंनी मला थांबवलं. साठीच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. म्हणाल्या, "तीन शनिवार प्रयोगशाळेत तुझा दिवा दिसला नाही. बरी आहेस ना?"

एवढ्या मोठ्या देशात माझा दिवा लागला नाही, हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. मी त्यांच्या टेबलाशी उभ्या उभ्या रडले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. उपदेश केला नाही. फक्त इतकंच म्हणाल्या, की तुझा व्हिसा म्हणजे पेरायचं बियाणं आहे, आणि कितीही भूक लागली तरी शेतकऱ्याच्या मुलीनं बियाणं मोडून खाऊ नये. आबा हेच म्हणाले असते, याच शब्दांत! मक्याच्या रानात आणि उसाच्या रानात अनुभवाचं बोलणं एकच असतं, हे मला त्या सोमवारी कळलं.

मग त्यांनी कॅलेंडर काढलं. संख्याशास्त्राची मदतखोली कुठल्या वारी, किती वाजता उघडी असते ते लिहून दिलं. माझ्या प्राध्यापकांकडे स्वतः घेऊन गेल्या. आणि सांगितलं, की सुट्टीत आवारातलं काम पूर्णवेळ करायला कायद्यानं हरकत नाही, उन्हाळ्यात प्रयोगाच्या शेतावर माणसं लागतात. मी त्या हॉटेलात पुन्हा गेले नाही. दुसऱ्या सत्रात रेषेच्या वर आले. जेमतेम, पण आले.

*

उन्हाळ्यातल्या त्या कामानं माझं आयुष्य बदललं. एके दिवशी आम्ही मातीचे थर तपासायला खड्डा खणत होतो. काळीभोर माती, लोण्यासारखी. चारेक फुटांवर फावडं कशावर तरी आदळलं. भाजलेल्या मातीची नळी! आपल्या कौलांच्या रंगाची, हातभर लांबीची, पुढे तशीच दुसरी, तिसरी. शेताच्या पोटातून नळ्यांची रांगच गेली होती.

बरोबरच्या मुलाला त्यात नवल नव्हतं. मध्य आयोवाचा हा सगळा सुपीक पट्टा एके काळी दलदलीचा होता, त्यानं सांगितलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शेतकऱ्यांनी जमिनीखाली अशा नळ्या पुरल्या. जास्तीचं पाणी सांध्यांतून नळीत झिरपतं आणि ओढ्याला जाऊन मिळतं. पण एकट्याच्या शेतात नळ्या घालून भागत नाही. पाणी सोडायचं तर ते शेजाऱ्याच्या रानातूनच जाणार. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे कायद्यानं निचरा मंडळं झाली. ज्यांची जमीन त्या पाणलोटात, त्यांनी खर्च वाटून घ्यायचा. जगातली एक उत्तम शेतजमीन म्हणून ज्या मातीचं नाव घेतात, ती अशी चारचौघांच्या संमतीनं तयार झाली होती!

मला आमची दोन एकर आठवली. क्षारपड जमिनीचं दुखणंही पाण्याचा निचरा न होणं हेच. जास्तीचं पाणी खालून काढून दिलं, की वरून पडणारं पावसाचं पाणी क्षार धुऊन नेतं. त्या रात्री मी आबांना आठ पानी पत्र लिहिलं, नळ्यांची आकृती काढून. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. "नळी कळली. शेजारी कसा राजी करायचा, ते तिथं शिकवतात का?"

शिकवत नव्हते. परत आल्यावर त्यालाच आम्हाला बारा वर्षं लागली. २००८ साली चार शेजारी एकदाचे तयार झाले, प्लॅस्टिकच्या छिद्रं पाडलेल्या नळ्या शेतात गेल्या आणि ओढ्याला तोंड मिळालं. तीन पावसाळे गेल्यावर त्या तुकड्यात ऊस उभा राहिला. आबांनी तो पाहिला. बोलले काही नाहीत, एक कांडं मोडून माझ्या हातात दिलं.

*

हे सगळं मी त्या शनिवारी ओट्यावर सांगितलं. हॉटेलातल्या तीन शनिवारांसकट. दादाला ते एकतीस वर्षं ठाऊक नव्हतं. विहिरीचा एक हप्ता त्याच पैशातून गेला होता, हेही. तो बराच वेळ गप्प बसला. पुतणी माझ्याकडे बघत होती. घरातली अमेरिकेला जाऊन आलेली शहाणी आत्या अशी माझी ख्याती, तिला त्या संध्याकाळी थोडा तडा गेला असणार. जाऊ दे.

तिला मी म्हटलं, "मला कुणी पकडलं नाही, पण ती माझी हुशारी नव्हती, नशीब होतं. २००३ पासून परदेशी विद्यार्थ्यांची सगळी नोंद संगणकावर असते. तेव्हा जे सावरलं ते आता सावरेलच असं नाही. ज्या शिक्षणाचा हप्ता फक्त चोरून काम करूनच निघणार आहे, त्याचा हिशेब आत्ताच चुकलेला आहे."

लहान गावाचे तोटेही सांगितले. गाडीशिवाय हात बांधल्यासारखे होतात. कॅन्सस सिटी हे जवळचं मोठं शहर, तरी दोन तासांवर. पदवीनंतर नोकरीसाठी बहुधा दुसरीकडेच जावं लागतं. एकटेपणा असा, की मक्याशी बोलावंसं वाटतं. मोठ्या शहरात आपली माणसं भेटतात, सण होतात, चुकलेलं कुणाच्या लक्षात येत नाही. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. एवढ्या गर्दीत हरवून जाणं सोपं आहे, आणि काहींना तेच हवंही असतं. लहान गावात हरवता येत नाही. तुमची अनुपस्थिती तिथे दिसते. वीस-बावीसाव्या वर्षी त्याचा जाच होतो, आणि कधी कधी त्यानंच माणूस वाचतो.

"आणि दळायचं म्हणशील," मी दादाला म्हटलं, "तर पोटात जाणारा प्रत्येक घास कुठल्या तरी गिरणीतूनच येतो. पीठ कसं टिकतं, गहू किती ओला असताना दळावा, कोंड्यात काय जातं, हे शास्त्र आहे. त्या विषयासाठी त्या विद्यापीठाचं नाव जगभर घेतात."

निर्णय तिनं घेतला, मी नाही. त्यानंतरही वाट सरळ नव्हती. मे महिन्याच्या अखेरीस विद्यार्थ्यांना व्हिसाच्या मुलाखतीच्या नव्या वेळा देणंच थांबवलं गेलं. जूनमध्ये ते पुन्हा सुरू होईपर्यंत वहिनींनी मारुतीला आणखी दोन नारळ कबूल केले. ऑगस्टमध्ये पोरगी गेली. माझा तपकिरी कोट मी तिला दाखवला होता. त्याचा वास घेऊन तिनं तो नम्रपणे परत केला आणि नवा घेतला. बरोबरच आहे.

दिवाळीत गावी गेले होते. पारावर कुणीतरी दादाला विचारलं, "मग काय, पोरगी न्यूयॉर्कला का?"

"नाही," दादा म्हणाला. "मॅनहॅटनच, पण कॅन्ससमधलं. लहान गाव आहे, चांगलं. मागं तिला ताप आला, दोन दिवस दिसली नाही, तर हापिसातली बाई सूप घेऊन घरी आली." मग जरा थांबून, छाती पुढे काढून म्हणाला, "तिथं गिरणीत असते ती."